शिडीची मधली पायरी: भारतीय फुटबॉल, धेंपो आणि आपण

2004-05 पासून 2012-13 पर्यंतच्या सलग नऊ हंगामांत भारताचा राष्ट्रीय साखळी विजेता गोव्याचा किंवा मुंबईचा होता. गोव्याच्या धेंपोने पाच वेळा, चर्चिल ब्रदर्सने दोनदा, साळगावकरने एकदा आणि मुंबईच्या महिंद्रा युनायटेडने एकदा, असा तो हिशेब आहे. फुटबॉल म्हणजे कोलकाता, ही समजूत आपल्याकडे इतकी घट्ट रुजली आहे की हा काळ लक्षात असलेली माणसे मला क्वचितच भेटतात. त्या यशाचे पुढे काय झाले हे समजून घ्यायचे असेल, तर खेळाडूंपेक्षा आधी स्पर्धांच्या रचनेकडे पाहावे लागते.

राष्ट्रीय फुटबॉल लीग 1996 मध्ये सुरू झाली आणि फगवाड्याच्या जेसीटीने पहिले विजेतेपद मिळवले. 2007 मध्ये तिची आय-लीग झाली. या दोन्ही स्पर्धांत त्रुटी पुष्कळ होत्या: प्रेक्षक कमी, प्रक्षेपण अनियमित, मैदाने सुमार. मात्र एक नियम दोन्हींत होता, आणि जगातल्या बहुतेक फुटबॉल-देशांत तोच या खेळाचा कणा मानला जातो. गुणतक्त्यात तळाला गेलेला संघ खालच्या श्रेणीत उतरतो आणि खालच्या श्रेणीत जिंकलेला संघ वर येतो. शिडी दोन्ही बाजूंनी चालते, म्हणून तळाच्या दोन संघांमधला मार्चमधला सामनाही जीव मुठीत धरून पाहिला जातो.

त्या काळातला धेंपो डोळ्यांसमोर आणला की मला आजही भरून येते. प्रशिक्षक आर्मांदो कुलासो, मधल्या फळीत क्लायमॅक्स लॉरेन्स आणि क्लिफर्ड मिरांडा, बचावात महेश गवळी आणि समीर नाईक. हे गोव्याच्या मातीतले खेळाडू वर्षानुवर्षे एकत्र खेळले आणि त्यांच्यापुढे गोल करायला रँटी मार्टिन्स होता, ज्याने 2011-12 च्या एका हंगामात 32 गोल केले. 2008 मध्ये हा संघ एएफसी चषकाच्या, म्हणजे आशियातील क्लबांच्या स्पर्धेच्या, उपांत्य फेरीपर्यंत पोहोचला. प्रायोजकांच्या रेट्याने जमवलेला हा ताफा नव्हता. गावोगावच्या मैदानांवर वाढलेली मुले एका क्लबमध्ये स्थिरावली की काय घडते, याचा तो पुरावा होता.

2010 मध्ये अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने आयएमजी-रिलायन्सशी पंधरा वर्षांचा करार केला आणि ऑक्टोबर 2014 मध्ये आठ संघांची इंडियन सुपर लीग सुरू झाली. मैदाने भरली, दूरचित्रवाणीवर सामने नीटनेटके दिसू लागले, खेळाडूंना बरे पैसे मिळू लागले. हे श्रेय नाकारणे अन्यायाचे ठरेल. पण या स्पर्धेत प्रवेश बोलीने होता, खेळाने नव्हे. 2016 मध्ये महासंघाने मांडलेल्या आराखड्यात ही बंद स्पर्धा अव्वल ठरणार आणि आय-लीग दुसऱ्या पायरीवर जाणार, तेही वर चढण्याची वाट न ठेवता, असे दिसू लागताच साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा यांनी आय-लीग सोडली. धेंपो 2014-15 मध्ये खाली घसरला होता, पुढच्याच हंगामात दुसरी श्रेणी जिंकून त्याने परतण्याचा हक्क मिळवला, आणि तोही बाहेर पडला. मैदानावर कमावलेली जागा एखादा क्लब स्वतःहून सोडतो, तेव्हा त्या जागेला किंमतच उरलेली नसते, असा त्याचा सरळ अर्थ आहे.

क्लब बंद पडण्याचे सगळे खापर नव्या स्पर्धेवर फोडता येणार नाही. महिंद्रा युनायटेड 2010 मध्ये आणि जेसीटी 2011 मध्ये, म्हणजे तिच्या आधीच, गुंडाळले गेले. कंपनीच्या मर्जीवर चालणारा क्लब कंपनीच्या मर्जीनेच संपतो. पुण्याचे उदाहरण अधिक बोलके आहे. पुणे एफसी 2012-13 च्या आय-लीगमध्ये उपविजेता होता. 2015 ते 2019 या काळात पुणे एफसी, भारत एफसी, डीएसके शिवाजियन्स आणि एफसी पुणे सिटी हे चारही व्यावसायिक संघ एकामागून एक नाहीसे झाले. बालेवाडीचे मैदान तेवढे राहिले.

गोव्याचे क्लब बाहेर पडल्यामुळे 2015-16 मध्ये घसरलेल्या मिझोरमच्या ऐझॉल एफसीला पुन्हा आय-लीगमध्ये घेण्यात आले. प्रशिक्षक म्हणून आले ते मुंबई एफसीला अनेक हंगाम सांभाळलेले खालिद जमील, आणि सोबत मुंबईचा जयेश राणेही होता. एप्रिल 2017 मध्ये ऐझॉलने मोहन बागानला 1-0 असे हरवले आणि शेवटच्या दिवशी शिलाँगमध्ये 1-1 अशी बरोबरी साधून विजेतेपद मिळवले. त्याच हंगामात मुंबई एफसी तळाला जाऊन घसरला आणि पुन्हा उभा राहिला नाही. ऐझॉलला या पराक्रमाबद्दल वरची पायरी मिळाली का? नाही. सुपर लीगमध्ये त्या वर्षी दोन जागा वाढल्या, त्या बोली लावणाऱ्या बंगळूरू आणि जमशेदपूरला गेल्या. ही गोष्ट मला आजही अन्यायाची वाटते.

आशियाई महासंघाच्या 2019 च्या आराखड्यामुळे वरची वाट अखेर उघडली. पंजाब एफसी 2023 मध्ये आणि मोहमेडन स्पोर्टिंग 2024 मध्ये आय-लीग जिंकून वर गेले. पण खाली उतरण्याचा नियम लांबणीवर पडला. 2024-25 मध्ये तेराव्या, म्हणजे शेवटच्या स्थानावर राहिलेला मोहमेडन त्या निकालामुळे खाली गेला नाही. त्याच वर्षी आय-लीगचा विजेता चर्चिल ब्रदर्स की इंटर काशी, हे जुलैमध्ये लोझानच्या क्रीडा लवादाने काशीच्या बाजूने ठरवले. चर्चिलच्या हाती गोव्यात आलेला चषक तिथे टिकला नाही. त्याच जुलैमध्ये, संपत आलेल्या 2010 च्या त्या कराराचे नूतनीकरण न झाल्याने सुपर लीगच स्थगित झाली. एकाच कंत्राटावर देशाची अव्वल श्रेणी टांगलेली असली की असेच व्हायचे.

या सगळ्यात मला सर्वांत मोलाची वाटते ती धेंपोची वाटचाल. पाच वेळचा हा विजेता कोणाकडे थेट प्रवेश न मागता तिसऱ्या पायरीवरून, म्हणजे आय-लीग 2 मधून खेळत आला आणि 2024-25 साठी आय-लीगमध्ये परतला.

महाराष्ट्राकडे असा क्लब घडवण्याची सामग्री नाही असे कोणी म्हणू नये. कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर पाटाकडील, खंडोबा, शिवाजी, दिलबहार यांचे सामने रंगतात तेव्हा पेठांतले लोक दुपारपासून जागा धरतात. आजोबा नातवाला खांद्यावर घेऊन आपल्या तालमीचा रंग ओळखायला शिकवतात. 2017 च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात खेळलेला अनिकेत जाधव याच शहराचा. आय-लीग 3, म्हणजे चौथ्या पायरीवर, संघ पाठवण्याचे काम राज्य संघटनांकडे असते. म्हणून मुंबई, पुणे, नागपूर आणि कोल्हापूरचे क्लब घरच्या आणि बाहेरच्या मैदानांवर ठरल्या महिन्यांत दरवर्षी एकमेकांशी खेळतील, तिथला विजेताच पुढे जाईल आणि शेवटचा खाली उतरेल, अशी राज्य साखळी संघटनेने चालवावी, एवढी माझी मागणी आहे.