ट्रेलर, वजनकाटा आणि त्या दोन सळया

डेन्व्हरमधले आपले पिकअपवाले मित्र मला ऐकवतात, “फोर्डची एफ-150 पिकअप अकरा हजार पौंड ओढते, तुझा ट्रेलर सात हजारांचा. ते वेट डिस्ट्रिब्युशन हिचचं लोढणं कशाला?” (म्हणजे ट्रेलर गाडीला जोडणारा असा सांधा, जो दोन सळयांनी मागचा भार पुढच्या चाकांवर आणि ट्रेलरवर वाटून देतो.) ओढेल की! इंजिनाबद्दल माझी तक्रारच नाही. पण ड्रायव्हरच्या दारातला स्टिकर कुणी वाचत नाही. माझ्या गाडीवर माणसं आणि सामान मिळून 1,520 पौंड लिहिलेत. हिचच्या लोखंडासकट बॉलवरचा, म्हणजे ट्रेलरचं तोंड ज्या लोखंडी गोळ्यावर टेकतं त्यावरचा, भार 780, आम्ही चौघं 560. उरले 180. त्यात कूलर, खुर्च्या आणि नवऱ्याचा बिडाचा तवा, जो तो घरी ठेवायला तयार नाही.

शिवाय बॉल मागच्या ॲक्सलच्याही पाच फूट मागे असतो. तिथे भार पडला की पुढची चाकं हलकी होतात. ट्रक स्टॉपवरच्या कॅट काट्यावर, म्हणजे ट्रकच्या वजनकाट्यावर, हे कागदावर दिसतं, कारण पुढचा ॲक्सल, मागचा आणि ट्रेलर, तिन्हींचं वजन वेगळं मिळतं. नुसत्या गाडीचं पुढे 3,200, मागे 2,900. ट्रेलर फक्त बॉलवर टेकवला तर पुढे 2,880, मागे 4,000, ट्रेलरच्या चाकांवर 6,220. ज्या चाकांनी वळायचं, तीच हलकी. वर गाडीचं नाक उचललं जातं, म्हणून रात्री समोरच्याच्या डोळ्यांत हेडलाइट.

स्प्रिंग बार, म्हणजे त्या दोन सळया, ताणून साखळीत अडकवल्या की पुढे 3,060, मागे 3,720, ट्रेलरवर 6,320. दोन्ही वेळची बेरीज करून बघा, 13,100च येते. हिच वजन सरकवतो, घटवत नाही. रिसीव्हरची, म्हणजे गाडीमागच्या ज्या चौकोनी खोबणीत हिच बसतो तिची, मर्यादाही तिच्यावरच्या स्टिकरवर बहुतेकदा दोन प्रकारे लिहिलेली असते, असा हिच नसताना आणि असताना, आणि दोन्ही आकड्यांत बराच फरक असू शकतो.

बसवून देणाऱ्या दुकानदाराने साखळीची कडी इतकी वर घेतली होती की गाडीचं पुढचं टोक जवळजवळ जमिनीला टेकलं. त्याला ते फार आवडलं. मला नाही. माझ्या मॅन्युअलप्रमाणे पुढची कड जेवढी उचलली गेली, त्यातली निम्मी खाली आली की पुरे. मडगार्ड 38 इंचांवरून 39 वर गेलं, तर साडेअडतीसवर थांबायचं. त्याहून ताणलं तर मागची चाकंच हलकी होतात आणि ओल्या उतारावर शेपूट बाहेर फेकलं जाऊ शकतं. टेप घेऊन मीच एक कडी खाली केली.

ट्रेलर मागे डावी-उजवीकडे डुलतो, त्यावर मात्र हा उपाय नव्हे. तो दोष बहुतेकदा सामानाच्या मांडणीत असतो. इस्लामपूरकडे आमच्या वडिलांच्या बैलगाडीत पोती मागे जास्त गेली की गाडी उलाळायची, ट्रेलरचंही तसंच. बॉलवर ट्रेलरच्या एकूण वजनाच्या दहा ते पंधरा टक्के यायला हवेत, म्हणून पाण्याची टाकी आणि जड डबे पुढच्या बाजूला. वायोमिंगमधल्या आय-80 महामार्गावर, लॅरामीच्या पुढे, वारा आडवा मारतो. ट्रेलर डुलू लागला तर पाय ॲक्सिलरेटरवरून काढायचा आणि ड्रायव्हरजवळच्या ब्रेक कंट्रोलरची कळ हाताने दाबून फक्त ट्रेलरचे ब्रेक लावायचे. गाडीचा ब्रेक कचकन दाबायचा नाही.

आणि हिचला डुलणं रोखणारी घर्षणाची दांडी असेल तर कॅम्पसाइटवर रिव्हर्स घेण्याआधी ती काढून ठेवा. तीव्र वळणात ती वाकू शकते, आणि नवी मागवेपर्यंत सगळी ट्रिप तिथेच अडकते.