मस्टँगचा एक्झॉस्ट: आवाज वाढवण्यापेक्षा कमी करण्याचं काम

फोर्ड मस्टँग जीटी २०१६ साली भारतात आली तेव्हापासून ती माझ्या मनात होती. घ्यायला जमली ती बऱ्याच वर्षांनी, वापरलेली, आणि तीही फोर्डने इथलं उत्पादन थांबवल्यानंतर. पाच लिटरचं व्ही-८ इंजिन, सहा गिअरचा ऑटोमॅटिक. गाडी ठणठणीत मिळाली. एकच गोष्ट खुपायची: त्या इंजिनाचा मूळ सूर कंपनीच्या मफलरने, म्हणजे सायलेन्सरने, फार दाबून टाकला होता. नवी मुंबईत सीवूड्सहून पाम बीच रोडला लागले की टायरचाच आवाज जास्त यायचा.

अमेरिकन व्ही-८ची ती ओळखीची गुरगुर क्रँकशाफ्टच्या, म्हणजे पिस्टनची वरखाली हालचाल फिरण्यात बदलणाऱ्या दांड्याच्या, रचनेतून येते. आठ सिलिंडर मिळून दर ९० अंशांना एक ठिणगी पडते, त्यामुळे इंजिन एकसारखं फिरतं. पण क्रॉस-प्लेन क्रँकमुळे (समोरून बघितलं तर त्याचे कोपरे अधिकच्या चिन्हासारखे दिसतात) व्हीच्या एकाच बाजूचे चार सिलिंडर मोजले तर त्यांच्यातलं अंतर ९०, १८०, २७०, १८० अंश असं विषम पडतं. एका बाजूच्या पाइपात झोत असे अडखळत येतात आणि कानाला ती लय ऐकू येते. मला हवी होती ती ही लय. नुसता मोठा आवाज मला नको होता, आणि हा फरक गॅरेजवाल्यांना समजावून सांगणं हेच सुरुवातीचं मोठं काम ठरलं.

तुर्भ्यातल्या एका गॅरेजमध्ये मला सांगितलं गेलं की दोन्ही मफलर कापून सरळ पाइप टाकू, जमलं तर कॅटही (धुरातले विषारी वायू कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर) काढू, गाडी 'फाटेल'. मी तिथून परत आले. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढला की धूर विषारी होतो, मागचा ऑक्सिजन सेन्सर ते ओळखतो, पी-०४२० आणि पी-०४३० हे कोड येतात आणि चेक इंजिनचा दिवा लागतो. मग तो दिवा दाबण्यासाठी ईसीयूमध्ये, म्हणजे इंजिनाच्या संगणकात, फेरफार. हा रस्ता मला मान्यच नव्हता. शिवाय कॅटनंतरचा फक्त शेवटचा भाग बदलला तर ईसीयूला हात लावावा लागत नाही. ताकदीत मात्र त्याने फरक पडत नाही म्हटलं तरी चालेल. अशा एक्झॉस्टने वीस-पंचवीस हॉर्सपॉवर वाढतात असं कोणी सांगत असेल तर तिथून उठावं.

कायद्याचं आधी बघितलं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की निर्मात्याने दिलेल्या मूळ तपशिलांशी नोंदणीतले तपशील जुळणार नाहीत असा बदल गाडीत करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा अर्थ कडकच लावला आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम १२० प्रत्येक गाडीला सायलेन्सर सक्तीचा करतो. नऊ आसनांपर्यंतच्या प्रवासी गाडीसाठी निर्मितीच्या वेळची मर्यादा ७४ डेसिबल आहे. ती धावत्या गाडीपासून साडेसात मीटरवर मोजतात. आवाजाच्या मानकाचा भंग झाला तर कलम १९०(२) लागतं: पहिल्या गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि तीन महिने लायसन्स बाद. बाहेरचा मफलर लावला की मूळ चाचणीचा आधार त्या गाडीला राहत नाही, ही गोष्ट आधीच मान्य करावी लागते. म्हणून मी दोन अटी घातल्या. मूळ मफलर एकही काप न देता निघाले पाहिजेत, म्हणजे कधीही परत बसवता येतील. आणि शांत चालवताना गाडी आधीइतकीच शांत राहिली पाहिजे. ही दुसरी अट जमली नाही तर सगळं उतरवायचं, हे गॅरेजलाही सांगून ठेवलं.

रबाळे एमआयडीसीत एक गॅरेज मिळालं. तिथले दादा आधी गाडीत बसले, इंजिन चालू करून गप्प ऐकत राहिले आणि मग म्हणाले, "मॅडम, मधला रेझोनेटर राहू द्या. तो काढला की सूर जातो, नुसता पत्रा वाजतो." रेझोनेटर म्हणजे मफलरच्या आधीचा, कर्कश सूर गाळणारा डबा. तिथेच काम द्यायचं ठरलं.

बाजारात मफलर मुख्यतः दोन जातीचे मिळतात. एकात आत पडदे आणि कप्पे असतात. आवाज त्यांच्यावर आपटून परतत परतत मरतो. दुसऱ्यात भोकं पाडलेली सरळ नळी आणि तिच्याभोवती काचेची किंवा स्टीलची लोकर; आवाज त्या लोकरीत जिरतो. मी दुसरा प्रकार घेतला, कारण त्याचा सूर भरीव आणि गोल असतो, फाटत नाही. त्याची उणीवही माहीत होती. लोकर वरच्या पट्टीतला आवाज छान खाते, खालच्या पट्टीतला मात्र जवळजवळ तसाच जाऊ देते. वस्तू बाहेरून मागवली. सीमाशुल्क, त्यावरचा अधिभार आणि या सगळ्यावर आयजीएसटी धरून परदेशी किमतीच्या दीडपटीच्या आसपास हिशोब गेला, तेव्हा बजेट करताना वेबसाइटवरचा आकडा धरू नये. धातू ३०४ ग्रेडचं स्टेनलेस आहे हे विचारून घेतलं. खाडीकाठची दमट, खारी हवा साध्या स्टीलला फार दिवस सोडत नाही.

बसवण्याचं काम एका दुपारचं. गाडी पूर्ण थंड असताना लिफ्टवर घेतली, गंजलेल्या क्लॅम्पवर तेल मारून ठेवलं, रबरी हँगरना साबणाचं पाणी लावून मफलर खाली सरकवले. नवे बसवताना दादांनी सगळे क्लॅम्प आधी सैलच ठेवले, नळीची तोंडं बंपरच्या खाचेत मधोमध आणली, पाइप हाताने हलवून सस्पेन्शनच्या आर्मला किंवा बंपरच्या प्लॅस्टिकला कुठे लागत नाही ना ते बघितलं, आणि मगच पुढून मागे आवळत गेले. पाइप तापला की लांबतो, म्हणून थंड असताना सगळीकडे बोटभर जागा सोडावी लागते. इंजिन चालू केल्यावर सुरुवातीला धूर येतो तो पाइपावरच्या तेलाचा, घाबरू नये. जोडांवर साबणाचं पाणी टाकून गळती तपासली.

आवाज ऐकला आणि अंगावर काटा आला. हवी होती तीच लय, खालच्या सुरात, स्वच्छ.

एक्स्प्रेसवेवर मात्र ज्याची शंका होती ते समोर आलं. शंभरच्या आसपास, शेवटच्या गिअरमध्ये, १७०० ते १८०० आरपीएमला केबिन घुमायला लागली. कानापेक्षा छातीत जाणवणारा एकच जड सूर, न थांबणारा. बाबा बरोबर होते. खालापूरच्या टोलनाक्याआधीच त्यांनी विचारलं, "अगं, हे घूं घूं कशाने बंद होतं का?" लोणावळ्यापर्यंत त्यांचं डोकं दुखायला लागलं होतं. असं एक्झॉस्ट लावणारे बरेच जण इथे थांबतात, आणि एक तर सवय करून घेतात नाही तर काढून विकतात. मला वाटतं खरं काम इथून पुढे सुरू होतं.

आधी तो सूर नेमका कोणता ते शोधलं. मोबाइलवरचं ध्वनिपट्टी दाखवणारं अॅप पातळी मोजायला भरवशाचं नसतं, पण वारंवारता नीट दाखवतं. भावाने शेजारी बसून ते चालू ठेवलं. ठळक शिखर ११७ हर्ट्झच्या जवळ. गणितही तेच सांगतं: चार स्ट्रोकच्या आठ सिलिंडर इंजिनात दर फेऱ्याला चार ठिणग्या, १७५० भागिले ६० गुणिले ४, म्हणजे ११६.७. ध्वनिमापक घेणार असाल तर एक लक्षात ठेवा. नेहमीचं 'ए' वेटिंग (कानाच्या संवेदनशीलतेनुसार खालचे सूर कमी धरणारी मोजणी) १२५ हर्ट्झच्या आसपासचा आवाज सोळा डेसिबल कमी धरतं, त्यामुळे डोकं दुखत असतानाही आकडा सभ्य दिसतो. खालचे सूर फारसे कमी न धरणाऱ्या 'सी' वेटिंगवर मोजलं तेव्हा कंपनीच्या मफलरशी तुलना करता खरा फरक दिसला.

उपाय म्हणजे जे-पाइप: मुख्य पाइपाला बाजूने जोडलेली, शेवटाला बंद असलेली एक नळी. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर घातली की एकच ठरावीक सूर निघतो, तशी ही नळीही एकाच सुराला प्रतिसाद देते. आवाजाची लाट आत जाते, बंद टोकावर आपटून परत येते, आणि नळीची लांबी लाटेच्या चतुर्थांशाएवढी असेल तर परतणारी लाट मुख्य पाइपातल्या लाटेच्या बरोबर उलटी पडते. दोघी एकमेकींना खातात. बाकीच्या सुरांना फारसा धक्का लागत नाही आणि वायूचा मार्ग मोकळाच राहतो. हा उपाय मला मनापासून सुंदर वाटतो.

लांबी काढताना तापमान विसरून चालत नाही. २५ अंशांच्या हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४६ मीटर धावतो. २३० अंशांच्या आसपास तापलेल्या वायूत सुमारे ४५०. म्हणजे ४५० भागिले (४ गुणिले ११७): ९६ सेंटिमीटर. थंड हवेचा वेग धरला असता तर नळी ७४ सेंटिमीटरची झाली असती आणि भलताच सूर मारला असता. बंद नळीतला वायू मुख्य पाइपापेक्षा थंड असतो, त्यामुळे कागदावरचा आकडा जशाचा तसा उतरेलच असं नाही. म्हणून दादांनी युक्ती केली. नळी दोन तुकड्यांत केली, एकात दुसरा सरकणारा, वर क्लॅम्प. लांबी कमी-जास्त करून एक्स्प्रेसवेवर कळंबोलीहून भाताणच्या बोगद्यापलीकडे जाऊन यायचं आणि शिखर किती खाली आलं ते बघायचं. शेवटी ९१वर उत्तम बसलं. लांबी नळीच्या मध्यरेषेवरून मोजायची, वळणासकट. व्यास मुख्य पाइपाएवढाच ठेवला. बारीक नळीने परिणाम कमी होतो. आणि बंद टोक किंचित वर ठेवलं, कारण थंड इंजिनातून निघणारं पाणी तिथे साचून राहिलं तर नळी आतून सडते.

वेल्डिंगसाठी जवळच्याच गाळ्यातले मिस्त्री आले. गाडीवर फक्त टॅक (जागेवर धरण्यापुरते वेल्डचे ठिपके) मारले, तेही बॅटरी सोडवून; मग पाइप खाली काढून टेबलावर पूर्ण टिग (आर्गॉन वायूच्या आवरणातलं वेल्डिंग) केलं. स्टेनलेसला बाहेरून आर्गॉनचं संरक्षण मिळतं, पण पाइपाच्या आत हवा राहिली तर जोडाची आतली बाजू जळून दाणेदार होते आणि पुढे तिथेच तडा जातो. त्यामुळे दोन्ही टोकं टेपने बंद करून आतही आर्गॉन सोडतात. मिस्त्रींनी मला न विचारता ते केलं, त्यावरूनच माणूस कळला. दोन्ही बाजूंच्या जे-पाइपचं सामान आणि मजुरी मिळून अठरा हजार झाले. सगळ्या खर्चातला हा लहान भाग, आणि गाडी वापरण्याजोगी याच भागाने झाली.

त्यानंतरच्या फेरीत १७५० आरपीएमला 'सी' वेटिंगवरचा आकडा आठ डेसिबल खाली आला, कंपनीच्या मफलरच्या अगदी जवळ. बाबा पुण्यापर्यंत झोपून गेले. पाय दाबला की लय पुन्हा हजर. उभ्या गाडीचा आवाजही मोजला: नळीच्या तोंडापासून अर्धा मीटर, ४५ अंशांच्या कोनात, ३७५० आरपीएमला. मूळपेक्षा चार डेसिबल जास्त आला. वाढ आहे, ती नाकारत नाही.

पीयूसी नव्याने केली. कॅट जागच्या जागी असल्यामुळे कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन दोन्ही मर्यादेत आले. पीयूसीत आवाज मोजत नाहीत, त्यामुळे ते प्रमाणपत्र दाखवून आवाजाचा वाद मिटत नाही. विमा कंपनीला बदल ईमेलने कळवला. न कळवता क्लेम अडकवून घेण्यात अर्थ नाही.

सोसायटीचा प्रश्न सकाळचा असतो. थंड इंजिन सुरू होताना कॅट लवकर तापावा म्हणून आरपीएम मुद्दाम वर राहतात, आणि स्टिल्टमधल्या छताखाली तो आवाज दुप्पट होतो. खालच्या मजल्यावरच्या काकांशी आधीच बोलले. आता सहाच्या आत निघायचं असेल तर गाडी आदल्या रात्री बाहेरच्या उघड्या पार्किंगला लावते. शाळा, रुग्णालय, न्यायालय यांच्या भोवतीची शंभर मीटरची शांतता क्षेत्रं मी पायाच्या बोटावर चालवते, आणि सिग्नलला रेस देणाऱ्यांबरोबर मला मोजू नये असं मला वाटतं.

क्लॅम्प पाचेकशे किलोमीटरनंतर पुन्हा आवळून घ्या; तापून-थंड होऊन ते सैल होतातच. मूळ मफलर हँगरसकट गुंडाळून माळ्यावर ठेवलेत. आणि हीच लांबी दुसऱ्या गाडीला लावू नका. व्ही-६मध्ये दर फेऱ्याला तीनच ठिणग्या, त्यामुळे त्याच आरपीएमला सूर ८७ हर्ट्झवर येतो आणि नळी सव्वा मीटरपेक्षा लांब लागते. चार सिलिंडरमध्ये तर ती दोन मीटरच्या घरात जाते आणि गाडीखाली मावत नाही. तिथे मोठा रेझोनेटर घातलेला बरा.