पातळ पातं, घट्ट खिळा

दुपारी तीनच्या सुमाराला कुणीतरी घरच्या झाडाचे पेरू ऑफिसात आणले. पँट्रीत सुरी म्हणून जे होतं ते वाढदिवसाच्या केकबरोबर येणारं, प्लास्टिकचं. मी पर्सकडे हात नेणार तेवढ्यात टीममधल्या एका मुलाने खिशातून घडीचा चाकू काढला. मिटलेल्या चाकूच्या मुठीमागे पात्याचं इवलंसं शेपूट वर आलेलं होतं. ते त्याने तर्जनीने दाबलं मात्र, 'खट्' करून पातं बाहेर! काळं पातं, काळी मूठ, मुठीवर चांदणीच्या खाचेचे स्क्रू. सगळे 'ओहो' म्हणाले. मग त्याने पेरूवर पातं टेकवून जोर दिला आणि पेरू कापला न जाता उकलला. एक फोड टेबलावर, दुसरी कुणाच्या तरी कीबोर्डवर.

"मॅडम, साडेतीन मिलिमीटर जाड पातं आहे," तो म्हणाला. पेरूचं त्याला काही वाटलेलं दिसलं नाही.

काहींना साड्या बघत बसायचा नाद असतो, मला घडीचे चाकू बघत बसायचा आहे. घ्यायचा असतोच असं नाही. पोलाद कुठलं, मूठ कसली, वजन किती, सगळं चवीने वाचते आणि शेवटी दोनच गोष्टी शोधते. पातं पाठीपाशी, म्हणजे धारेच्या विरुद्ध कडेला, किती जाड आहे, आणि ते कशावर फिरतं. बाकीचं आपलं मन रमवायला.

जाड पातं मजबूत, हे खरंच. पण मी कुठे दारं उचकटणार आहे? पेरू, काकडी, कुरिअरचा खोका, नव्या कुर्त्याच्या बगलेत अडकवलेला टॅग, एवढाच माझ्या चाकूचा संसार. सफरचंदात धार शिरते, पण तिच्यामागून येणारी जाडी फळाला दोन्हीकडे रेटत राहते आणि धार तळाला पोचायच्या आत फळ पाचर ठोकल्यासारखं तडकतं. तिथे धार कितीही लावा, उपयोग नाही. जाणकार यावर म्हणतात की पाठ काय मोजता, धारेच्या लगेच मागे पातं किती आहे ते बघा. तीन मिलिमीटरचं पातंसुद्धा पाठीपासून धारेपर्यंत सपाट उतरतं घासलेलं असेल तर सुरेख कापतं. मान्य. पण बोटभर रुंदीच्या पात्यात साडेतीनवरून शून्यावर उतरायला जागा कुठली? आणि मुळात एवढं पोलाद आधी घ्यायचं आणि मग घासून टाकायचं, हे माझ्या काटकसरी जिवाला झेपत नाही.

आमच्या आबांच्या चाकूचं पातं दोन मिलिमीटरही नसावं. आजोळ राजापूरकडचं. मे महिन्यात पडवीच्या आतल्या खोलीत पेंढ्यात आंब्यांची अढी लावलेली असायची आणि आबा रोज दुपारी झोपून उठले की एक आंबा हुंगून, दाबून, उजेडात फिरवून बाजूला काढत. तो खायचा आंबा नव्हे, परीक्षेचा. चाकू उघडायचा, देठाशी टेकवायचा आणि कोयीला घासत खाली आणायचा. पातं कोयीच्या फुगवट्याला जरासं लवायचं, खरखर असा बारीक आवाज व्हायचा आणि अख्खा गाल हातात यायचा. कोयीला गराचा पुसटसा लेप तेवढा उरे. मग आम्ही चार-पाच डोकी त्या कापावर वाकून बघायचो. केशरी गर सलग असला की आबा तो गाल आमच्याकडे सरकवत. मध्येच पांढुरका, भुसभुशीत डाग दिसला, म्हणजे साका निघाला, की काही न बोलता आंबा गाईच्या घमेल्यात. हापूसचा साका बाहेरून कळत नाही. वास नाही, डाग नाही, काही नाही; कापल्याशिवाय त्याचा पत्ता लागत नाही. आबांना त्या कापात काय काय दिसत असेल हे तेव्हा कळायचं वय नव्हतं. व्यापाऱ्याचा माणूस दुसऱ्या दिवशी येणार असायचा.

त्या चाकूची मूठ शिंगाची, टोकांना पितळेच्या टोप्या. पात्यावर कारखान्याचं नाव कधीकाळी असेल, ते आबांनीच घासून घालवलेलं. कारण धार लावताना ते पातं दगडावर जवळजवळ झोपवत. नुसती कड घासत राहिलं तर पातं रुंदीला झिजतं आणि धार वर सरकत सरकत जाड भागात जाऊन बसते. म्हणून पुष्कळ जुने चाकू कितीही पाजवले तरी फळाशी झगडतात. आबा सगळी बाजूच घासायचे. दारावर सायकलचं चाक फिरवत येणाऱ्या धारवाल्याला ते विळे देत, कात्री देत, चाकू कधीच देत नसत.

आणि खिळा. पातं ज्यावर फिरतं तो. वापरून वापरून तो सैल व्हायचा आणि उघडं पातं दोन्ही अंगांना डुलायला लागायचं. मग आबा कुऱ्हाड आडवी टाकून तिच्या पाठीवर चाकू ठेवत, पातं आणि मुठीच्या मध्ये पोस्टकार्डाची पट्टी सरकवत आणि खिळ्याच्या डोक्यावर हातोडीचे अगदी हलके ठोके घालत. शेवटी पट्टी ओढून काढायची. तेवढीच फट राहिली पाहिजे. एक ठोका जास्त पडला की पातं जाम. वर शिलाई मशीनच्या तेलाचा थेंब. खोबरेल नाही, ते पुढे चिकटून बसतं. मग पातं अर्धं उघडून मूठ हलवून बघायची. आपल्या वजनाने पडलं तर सैल, दोन बोटांनी उघडेना तर घट्ट. ही परीक्षा मी आजही दुकानात घेते आणि दुकानदार माझ्याकडे बघत राहतो.

हल्लीच्या महागड्या चाकूंत खिळ्याच्या दोन्ही बाजूंना बारीक गोळ्यांचे बेअरिंग घालतात. पातं लोण्यातून यावं तसं येतं. पण समुद्रावरची वाळू, खिशातला बोळा, पेरूचा रस हे सगळंही त्या गोळ्यांमध्ये जाऊन बसतं आणि मग तो चांदणीचा स्क्रू उघडून गोळ्या धुवत बसा. त्यापेक्षा कांस्याच्या पातळ चकत्या बऱ्या. सुरुवातीला जरा कुरकुरतात, मग वापराने गुळगुळीत होतात. शिवाय बेअरिंगचा चाकू हातात असला की माणूस तो उघडमीट करतच राहतो. आमच्या आजीने त्या मुलाला ऑफिसात पाच मिनिटंही बसू दिलं नसतं. रिकामी कात्री वाजवली की घरात भांडणं होतात हे तिचं ठाम मत, आणि चाकूला त्यातून सूट नव्हती. (भांडणं व्हायचीच. पण कात्रीमुळे असं नाही सांगता येणार.)

जपानातल्या ह्योगो प्रांतात मिकी गावी 'हिगोनोकामी' नावाचा चाकू बनतो. त्याला कमान (स्प्रिंग) नाही, खटका नाही. वाकवलेल्या पत्र्याची मूठ, एक खिळा, आणि पात्यामागे एक शेपूट. कापताना ते अंगठ्याने दाबून धरायचं. बाकी सगळा भरवसा खिळ्याच्या घट्टपणावर. तिथली शाळकरी पोरं पूर्वी यानेच पेन्सिलींना टोक काढत. आम्ही त्या वयात अर्ध्या ब्लेडने बोटं कापून घेत होतो. जत्रेत माशाच्या आकाराचा घडीचा चाकू मिळे, तो मी एकदा हट्टाने घेतला होता. त्याच्या खिळ्याने घरी येईपर्यंतही दम धरला नाही. अमेरिकेतल्या मामांनी आणलेला लाल स्विस चाकू मात्र अजून ठणठणीत आहे. स्वित्झर्लंडमधल्या इबाखच्या कार्ल एल्सनरने 1897 साली नोंदवलेल्या चाकूचा तो वंशज. एकाच कमानीवर दोन्ही टोकांची पाती तोलायची युक्ती त्याचीच. फक्त त्यात बाटलीचं बूच काढायचा स्क्रू आहे आणि आमच्या घरी बुचाची बाटली कधी आली नाही.

घरच्यांचं म्हणणं वेगळंच असतं. बाईमाणसाच्या पर्समध्ये चाकू! त्यांच्या डोळ्यांपुढे रामपुरी येतो, सिनेमातला, खटका दाबून उघडणारा. म्हणून नियमही वाचून ठेवले. शस्त्र म्हणून मोजायला पातं नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद असावं लागतं, आणि घरकामाची, शेतीची हत्यारं त्यातूनही वगळलेली. जाडीबद्दल सरकारने काही म्हटलेलं नाही. म्हणायला हवं होतं.

सध्या मनात भरलाय तो फ्रान्सचा ओपिनेल. आल्प्सच्या सावोआ भागात कुऱ्हाडी-कोयते घडवणाऱ्या घरातल्या जोसेफने 1890 मध्ये हा केला. कोयतेवाल्यांच्या पोराने एवढं पातळ पातं करावं याचंच मला कौतुक. त्यातल्या आठ नंबरच्या मापाचं पातं साडेआठ सेंटिमीटर लांब आणि जाडीला दोन मिलिमीटरच्या आत. बीचच्या लाकडाची मूठ, आरपार एक खिळा, आणि 1955 पासून पातं अडकवायला फिरती कडी. बस्स. एकच खोड. हवेत ओल आली की लाकूड फुगतं आणि पातं चिमटून धरतं. मग तिथले लोक मुठीचं बूड कशावर तरी ठोकतात, पात्याचं टोक जरा वर येतं, ते धरून ओढतात. कोरड्या आल्प्समध्ये हे ठीक. आपल्याकडे जून ते सप्टेंबर मी ठोकतच बसायची. कुणी म्हणतं मूठ जवसाच्या तेलात मुरवा, कुणी म्हणतं आतून घासा.

पण जून लागेपर्यंत हापूस संपलेला असतो. पावसाळी काकडीला काय, विळी आहे.