सुजलेला हात फाईलमध्ये नाहीच

गेल्या पावसाळ्यात भाचा डेंग्यूनं नागपूरच्या धंतोलीतल्या एका हॉस्पिटलमध्ये पाच दिवस ॲडमिट होता, चार वर्षांचं पोट्टं, तिसऱ्या रात्री सलाईन शिरेबाहेर गेलं आणि हात कोपरापर्यंत टम्म. वरून पट्टी बांधलेली म्हणून मला दिसलंच नाही, रडत होता तर वाटलं तापानं किरकिर करतोय. सकाळी डबा घेऊन आई आली न पहिलंच, "काऊन गं, हात असा काऊन दिसते याचा?" सिस्टरनं सुई (कॅन्युला) काढून दुसऱ्या हाताला लावली. आठ दिवसांत हात बरा झाला, पण डिस्चार्ज कार्डावर त्याचा एक शब्द नाही.

मी फार्मसीवाली, त्यामुळे हे डोक्यातून जाईना. असं काही झालं की इन्सिडेंट फॉर्म भरायचा असतो, पण नाईट ड्युटीत एकटी सिस्टर, आणि भरला तर उद्या मेमो आपल्यालाच, मग कोण भरणार? म्हणून फॉर्मची वाट न बघता जुन्या फाईली काढून त्यात खुणा शोधायची पद्धत निघाली, ट्रिगर टूल म्हणतात. नॅलोक्सोन (मॉर्फिनचा उतारा) दिलंय म्हणजे मॉर्फिनसारखं काही जास्त गेलं का? किडनीचं क्रिएटिनिन अचानक दुप्पट का? रक्तातली साखर एकदम का पडली? वॉर्डातून एकदम आयसीयूत का हलवलं? खूण सापडली म्हणजे नुकसान झालंच असं नाही, साखर तर आजारानंही पडते, म्हणून शेवटी माणसानंच बसून फाईल वाचावी लागते. मग नुकसान किती मोठं, त्याला 'ई' ते 'आय' अशी अक्षरं. ई म्हणजे तात्पुरतं पण उपाय करावा लागला असं, आय म्हणजे मृत्यू. आमचा हात ई.

अमेरिकेतल्या २००८ च्या एका अभ्यासात १२ बालरुग्णालयांतल्या ९६० फाईली अशा तपासल्या तर दर १०० मुलांमागे ११ वेळा औषधानं त्रास झालेला सापडला, आणि हॉस्पिटलांच्या स्वतःच्या रिपोर्टमध्ये त्यातले किती? ३.७ टक्के! मी हा आकडा दोनदा वाचला. लेकरांचा डोस वजनावर काढतात, एक दशांशचिन्ह सरकलं की दहापट, आणि तान्ह्या पोराला "मला गरगरतंय" म्हणता येत नाही. २०१८ च्या मोठ्या अभ्यासात १६ हॉस्पिटलांचे सहा वर्षांचे रेकॉर्ड बघितले, सगळ्या प्रकारच्या नुकसानाचा आकडा काही खाली आलाच नाही. टीचिंग हॉस्पिटलांत जास्त निघाला, पण तिथं जास्त आजारी लेकरं येतात, आणि मला वाटतं तिथं लिहितातही जास्त, त्यामुळे कमी आकडा बघून मी तरी लगेच खूश होणार नाही.

२०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या परासियाकडची लेकरं किडनी फेल होऊन इकडे नागपूरला येत होती आठवतं न? ते नुकसान हॉस्पिटलातलं नव्हतं, खोकल्याच्या सिरपमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन निघालं, पण एकेक फाईल सुटी वाचली तर ते फक्त एक आजारी लेकरू दिसतं, शेजारी शेजारी ठेवल्या की सिरप दिसतं.

मी शेवटी भाच्याचे केसपेपर मागितले. मागितल्यावर ७२ तासांत द्यावे लागतात, तरी काउंटरवाल्यानं "कशाला पाहिजे मॅडम" विचारलंच. डॉक्टरांच्या नोट्समध्ये काही नाही. नर्सिंग चार्टवर, तिसऱ्या रात्रीनंतरच्या ओळीत, घाईघाईच्या अक्षरात एवढंच: सकाळी ६:४०, कॅन्युला बदलली.