तार न जोडता पेटलेला लाल माणूस

मागच्या महिन्यात भंगारवाल्याकडं तांब्याची जुनी तार विकायला गेलो आणि येताना सिग्नलचा डबा घेऊन आलो. पायी चालणाऱ्यांचा, दोन खणांचा. वर लाल उभा माणूस, खाली हिरवा चालणारा. किलोच्या भावानं मिळाला. सात रस्त्यावरून रिक्षात मांडीवर घेऊन येत होतो, तर रिक्षावाला म्हणतो, "काका, आता तुम्हीच थांबवा की सगळ्यांना."

चाळीस वर्षं मोटार रिवायंडिंग केलंय, त्यामुळं कुठलीही वस्तू उघडल्याशिवाय मला चैन पडत नाही. आत कुंभारमाशीनं मातीचं घर बांधलेलं. ते खरवडल्यावर खाली ॲल्युमिनियमची वाटी, मधोमध पिनचा होल्डर, पुढं रंगीत काच आणि काचेमागं काळा पत्रा, त्यात माणूस कापलेला. बास, एवढंच. रस्त्यावर हुकूम सोडणारी वस्तू आतून देवघरातल्या दिव्याइतकी साधी निघाली.

घरात होते ते पांढरे एलईडी बल्ब लावले, आणि पहिला घोळ झाला. हिरवा माणूस निळसर दिसायला लागला, लाल तर मरगळून गेला. काच काढून खिडकीपुढं धरली, तेव्हा उलगडा झाला. काच मुळात हिरवी नव्हतीच, मोरपंखी होती. तारेच्या बल्बचा उजेड पिवळट असतो, तो धरूनच तिला रंग दिलेला. दोन्ही मिळून हिरवं होतं. लालचं उलटं. पांढऱ्या एलईडीच्या उजेडात गडद लाल मुळातच कमी असतो, मग लाल काचेतून बाहेर येणार काय?

मग तारेचा बल्ब शोधत नवी पेठ पालथी घातली. तिसऱ्या दुकानात ६० वॉटचे चार मिळाले. दुकानदार म्हणाला, "झिरोचा मागतात लोक, हा कोण मागतंय आता!" लावल्यावर मात्र माणूस जिवंत झाला. पेटताना किंचित दम घेतो, विझताना क्षणभर रेंगाळतो.

पण धंद्यातला माणूस म्हणून हिशोब करायलाच हवा. तारेच्या बल्बमध्ये विजेचा जेमतेम ५ टक्के उजेड होतो, बाकी सगळी उष्णता. त्या उजेडातलाही बराचसा रंगीत काच गिळून टाकते. वर, थंड तारेचा रोध तापलेल्या तारेच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास असतो, त्यामुळं प्रत्येक वेळी पेटताना करंटचा झटका बसतो. सिग्नलचं चक्र ९० सेकंदांचं धरलं तर दिवसाला ९६० झटके! साध्या बल्बचं आयुष्य १००० तासांचं. म्हणून सिग्नलसाठी जास्त टिकणारे बल्ब निघाले, पण त्यांची तार कमी तापवायची, म्हणजे उजेडही कमी.

एलईडी लागेल तोच रंग तयार करतो, काचेला गाळायला काही उरत नाही. लाल एलईडी अमेरिकेत निक होलोन्याक यांनी १९६२ सालीच केला होता. हिरव्यानं मात्र छळलं. जुन्या टेपरेकॉर्डरवरचा तो पोपटी ठिपका आठवतो? तेवढ्यावर रस्ता कोण ओलांडणार? १९९३ साली जपानमध्ये शुजी नाकामुरांनी प्रखर निळा एलईडी केला आणि त्याच जातीच्या मालातून पुढं झगझगीत हिरवा निघाला. निळ्यासाठी नाकामुरा, आकासाकी आणि अमानो यांना २०१४ चं नोबेल मिळालं. माझ्या मते हिरव्या माणसाचाही त्यात वाटा होता.

आता खरी गंमत. परवा संध्याकाळी डबा पुसून गच्चीच्या कठड्यावर ठेवला, तोंड मावळतीकडं. खाली चहाला गेलो. ही वरून ओरडली, "ओ, लाल दिवा तसाच ठेवलाय, बिल कोण भरणार?" धावत वर गेलो. लाल माणूस खरंच पेटलेला. वायर माझ्या खिशात!

तिरपं ऊन काचेतून आत शिरतं, वाटीवर आपटतं आणि रंग घेऊन परत बाहेर येतं. संध्याकाळी दोन्ही माणसं एकदम पेटल्यासारखी दिसली तर चालणाऱ्यानं काय समजायचं? दिव्यांवरच्या त्या काळ्या टोप्या मुख्यतः याच्याचसाठी. मी इतकी वर्षं त्या पावसासाठी समजत होतो. एलईडीच्या दिव्यामागं अशी वाटी नसते, त्यामुळं हा भास बराच कमी होतो.

एलईडीलाही खोड आहेच. दाणे माळेत ओवलेले असतात. एक तुटला की अख्खी माळ जाते. त्यात आपला उन्हाळा ४३ अंशांचा आणि डबा काळा, बंद. अशा भट्टीत बहुतेक वेळा दाण्यांआधी त्यांना वीज पुरवणारं सर्किट मरतं. एका चौकात हिरव्या माणसाचे दोन्ही पाय गेलेत, नुसतं धड चालतंय. त्याच्याकडं बघत एक आजोबा शेजारच्याला म्हणाले, "याला आधी पलीकडं न्या, मग मी येतो."

डबा सध्या व्हरांड्यात आहे. गल्लीतली पोरं शाळेतून आली की मला बटणापाशी बसवतात. लालवर पुतळा, हिरव्यावर पळापळ. चारातले दोन बल्ब उडालेत.