अण्णांची हर्क्युलस आणि उलटे आटे

गेले चार महिने आमची कार उन्हात उभी आहे. गॅरेजमध्ये सायकल आहे. तीही बरेच दिवस अख्खी नव्हती. फ्रेम खुंटीला, चाकं भिंतीला आणि बाकीचा संसार श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यांत. नवऱ्यानं पहिल्या महिन्यात चौकशी केली, दुसऱ्या महिन्यात टोमणे मारले आणि तिसऱ्या महिन्यात मुकाट्यानं जाऊन कारला कव्हर घेऊन आला.

सायकल माझ्या वडिलांची, अण्णांची. हर्क्युलस. काळी, २४ इंची फ्रेम, २८ ची चाकं, रॉडचे ब्रेक. नाव विलायती, माल मद्रासचा. १९४९ साली तिथं टी. आय. सायकल्स निघाली आणि मग हर्क्युलस आपल्या देशातच तयार व्हायला लागली. अण्णा सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या आडत दुकानात दिवाणजी होते. गावभागातून यार्डात आणि यार्डातून गावभागात, नोकरी संपेपर्यंत हीच सायकल. संध्याकाळी परत आले की त्यांच्या धोतराच्या सोग्याइतकंच मागचं मडगार्डही पिवळं असायचं.

अण्णा गेल्यावर ती मागच्या पडवीत टांगून ठेवली होती. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली (धोक्याची पातळी ४५) आणि आठवडाभर घराबरोबर सायकलही पाण्यात राहिली. पाणी उतरल्यावर आम्ही गाद्या, कागदपत्रं, भांडी यांच्या मागे होतो. सायकलवर पाइपनं पाणी मारलं आणि विश्रामबागला आमच्या घरी आणून गॅरेजच्या कोपऱ्यात उभी केली. तिच्यावर चिखलाचा थर वाळून सिमेंटसारखा झाला होता. बँकेतून निवृत्त होईपर्यंत मी तिच्याकडे पाहिलंही नाही, हे खरं.

निवृत्तीनंतर ती ढकलत स्टेशनकडच्या चाचांच्या दुकानात नेली. चाचांनी चाक हातानं फिरवायचा प्रयत्न केला. फिरलं नाही. "ताई, ओव्हरऑइल करून देतो की, दोन दिवसांत." (हा शब्द ओव्हरहॉल आहे हे मला चाळिशीत कळलं. पण ओव्हरऑइल जास्त बरोबर वाटतो, तेलच तर घालतात.) मी म्हटलं, चाचा, मला स्वतःला करायचंय, तुम्ही फक्त सांगा. त्यांनी माझ्या हातांकडे पाहिलं आणि एक जुना पाना काढून दिला.

आता कॉटर पिनबद्दल. ज्यांनी हा प्रकार पाहिला नसेल त्यांच्यासाठी: जुन्या सायकलीत पायडलचा दांडा एक्सलवर एका पाचरीनं अडकवलेला असतो. पेन्सिलीपेक्षा जराशी जाड, एका बाजूनं उतरती तासलेली लोखंडी पिन. ती ठोकून बसवतात. नट फक्त ती मागे सरकू नये म्हणून. म्हणजे काढतानाही ठोकूनच काढायची. मी नट काढला आणि हातोडी मारली. पिन हलली नाही, तिचं टोक मात्र अळंबीसारखं पसरलं. आता ती भोकातून जाणंच शक्य नाही. पुढचे चार दिवस रोज डिझेल घालायचं, रात्रभर ठेवायचं, सकाळी ठोकायचं. शेजारच्या वहिनींनी भिंतीवरून विचारलं, "बांधकाम काढलंय का?"

चाचांना सांगितलं तेव्हा ते हसले. "दांड्याला खालून आधार दिला का?" नव्हता दिला. माझा प्रत्येक घाव पिनेला न लागता खालच्या छर्ऱ्यांना आणि कपांना (एक्सलच्या दोन्ही टोकांना फ्रेममध्ये आट्यांनी बसवलेल्या, छर्रे धरणाऱ्या वाट्या) लागत होता. मग अर्ध्या इंचाच्या पाइपचा तुकडा कापून फरशीवर उभा केला, त्याच्या तोंडावर दांडा टेकवला, पसरलेलं टोक कानशीनं घासून काढलं आणि एकच घाव, पण मनापासून. पिन पाइपात खळ्‌कन पडली. तो आवाज मला परत ऐकायला आवडेल.

त्यानंतर उजवा कप. हा निघायला दोन दिवस लागले आणि त्यात चूक पूर्णपणे माझी. जोर लावत होते, पाना लांब करायला त्याला पाइप घातला, आणि कप आणखी घट्ट होत गेला. उजव्या बाजूच्या कपाला उलटे आटे असतात, म्हणजे नेहमीच्या उलट दिशेनं फिरवला तरच तो सुटतो. फिरणाऱ्या एक्सलमुळे तो आपोआप सैल होत जाऊ नये म्हणून केलेली सोय आहे ती. डाव्या पायडलचंही तसंच. तीस वर्षं बँकेत लोकांना "फॉर्म नीट वाचा" सांगितलं, आणि स्वतः सांगणाऱ्याला विचारलं नाही.

आत काय होतं? चिखल. काळा, गुळगुळीत, पुराचा. छर्रे त्यात बेदाण्यासारखे रुतलेले. दोन्ही बाजूंना अकरा-अकरा, पाव इंची. सगळे नवे घातले.

रंग मी दिला नाही. पावडर कोटिंग करून घ्या, नवीकोरी दिसेल, असं सांगणारे खूप भेटले. ऑक्झॅलिक ॲसिडच्या पाण्यात बुडवून सुटे भाग साफ केले, हँडलचा गंज ओल्या चांदीच्या कागदानं घासला, घंटीच्या पितळी वाटीला चिंच लावली. फ्रेमवर जिथं काळा रंग उरला तिथं उरला, जिथं गेला तिथं नुसतं तेलाचं बोट.

सीटची नळी उपसली तेव्हा तिच्याभोवती गुंडाळलेली पत्र्याची पट्टी बाहेर आली. सैल नळी घट्ट बसावी म्हणून अण्णांनी डब्याचा पत्रा कापून घातला होता. गंजून जाळी झालेली, तरी एका टोकाला पिवळ्यावर हिरवं झाड ओळखू येत होतं. डालडा. आईनं तो डबा किती दिवस शोधला असेल कुणास ठाऊक.

मूळ जसं होतं तसंच ठेवायचं, हे माझ्या डोक्यात बसलं होतं. पण अण्णांनीच जसं होतं तसं ठेवलं नव्हतं, आणि शिवाय माझी उंची पाच फूट एक इंच. सीट पार खाली घेतली तरी पायाचे अंगठे टेकेनात. चाचा म्हणाले, "वरची नळी कापून खाली जोडून देतो, लेडीज होऊन जाईल." मी इतक्या जोरात नाही म्हटलं की दुकानातलं गिऱ्हाईक वळून बघायला लागलं. त्या नळीवर टॉवेल गुंडाळून बसून मी बालवाडीत गेले, तिच्याखालून पाय घालून सायकल शिकले. ती कापायची नाही.

मग दुसरीकडे कापाकापी केली. उंच स्प्रिंगांची जुनी सीट पुरात फुगून गेलीच होती; तिच्या जागी बिनस्प्रिंगची चपटी बसवली, दोन इंच वाचले. दुसरं म्हणजे फ्रीव्हील, मागच्या चाकावरचं चेनचं दातेरी चक्र. पुढचे दात मोजले, ४४. मागचे १८. म्हणजे पायडलच्या एका फेऱ्यात सायकल जवळपास साडेपाच मीटर पुढे जाते. अण्णांच्या मांड्यांना ते ठीक होतं, माझ्या गुडघ्यांना नाही. मागे २२ दातांचं घातलं. आता एका फेऱ्यात साडेचार मीटरच्या आतच, पण चढ सोसतो. चेनला दोन कड्या जोडाव्या लागल्या. वायरचे ब्रेक बसवायचा मोहही झाला होता, पण या रिमच्या कडा गोल असतात, चिमट्यासारखे ब्रेक धरणार कुठं? रॉडचे ब्रेक रिमला आतून वर ओढतात. ठेवले तेच. पावसात चालवायची नाही, एवढं ठरवलं.

गेल्या रविवारी सकाळी सहाला काढली. आधी पायडल एकमेकांच्या बरोबर समोर येईनात, जणू सायकल लंगडतेय. दोन्ही कॉटर एकाच बाजूनं ठोकल्या होत्या, त्या उलटसुलट घालाव्या लागतात. ते नीट करून सहाचे साडेसात झाले. नळीवरून पाय टाकताना फाटकाचा आधार घेतला. गावभागापर्यंत जाऊन आले. जाताना कुणी ओळखलं नाही, येताना एका रिक्षावाल्यानं "आज्जी, जपून" म्हटलं.

डाव्या पायाला अजून प्रत्येक फेऱ्याला एक बारीक "कट्" येतो. चाचा म्हणतात, नवी कॉटर आहे, बसायला वेळ घेते, पन्नास किलोमीटर चालवा आणि मग परत एकदा ठोकून नट आवळा. एकतीस झालेत.