लोगो ताण खातो

सोमवार

जून लागला की मुंबईत छत्र्या निघतात आणि आमच्या टेबलावर कानटोप्या. हिवाळ्याचा माल ऑक्टोबरच्या सुरुवातीला दुकानात लागायचा, तर जुलै-ऑगस्टमध्ये तो लुधियानाच्या विणकामाच्या मशीनवर असायला हवा. नेमकं तेव्हाच तिथली मशीनं स्वेटरांत अडकलेली असतात. पाचशे टोप्यांची ऑर्डर रांगेत मागेच राहते. म्हणून सूत आणि रंग उन्हाळ्यातच पक्के झालेले बरे.

सुताचा हिशेब सोपा आहे, तरी तो कुणी लिहून काढत नाही. ७ गेजची (इंचाला सात सुया), कड दुमडलेली, मोठ्या माणसाची टोपी धरली ८० ग्रॅमची. ५०० नगांना ४० किलो. वाया जाणारं ८ टक्के धरलं की ४३ किलो. तीन रंगांत वाटलं तर एका रंगाला साडेचौदा किलोही येत नाही. एवढ्याशा सुतासाठी कोणी खुशीने वेगळा रंग करून देत नाही. डिझायनरला राग आला तरी शेडकार्डवरचा तयार रंग घ्यावा. खास रंगाचा हट्टच असेल तर एकाच रंगापुरता, आणि त्याचं सगळं सूत एका डाय लॉटचं, म्हणजे एकाच वेळी रंगवलेलं. सुताच्या कोनवरच्या (शंकूसारख्या रिळावरच्या) चिठ्ठीत लॉट नंबर असतो, तो विणायच्या आधी जुळवायचा. दोन लॉट एका टोपीत गेले की माथ्याजवळ आडवा पट्टा उठतो, आणि तो उन्हात जास्तच दिसतो.

गोंडा असेल तर त्याचे १०-१५ ग्रॅम धरलेत की नाही, हे ऑर्डरवर लिहायचं. नाहीतर टोपी तेवढ्याच वजनाने विरळ होते आणि माप मात्र बरोबर भरतं.

बुधवार

आज दिवसभर लोगोवरच डोकं चाललं. बहुतेक ब्रँड इथेच फसतात, कारण लोगो कागदावर सपाट असतो आणि टोपी डोक्यावर ताणलेली.

टोपी टेबलावर आडवी २१ सेंटीमीटर, म्हणजे घेर ४२. डोकं साधारण ५७. मोकळ्या रिबला (उभ्या खाचांच्या लवचीक विणीला) ३६ टक्के ताणणं जड नाही. आता कडेवर ५ सेंटीमीटरची भरतकामाची पट्टी टाकली. ती ताणत नाही. उरलेल्या ३७ सेंटीमीटरना आता ५२ व्हायचंय, म्हणजे ४० टक्के. चालून जातं. तोच लोगो १२ सेंटीमीटरचा केला तर उरलेल्या ३० चे ४५ व्हायला हवेत. पन्नास टक्के! कपाळावर टोपी आवळते, लोगोच्या दोन्ही बाजूंना रिबच्या चुण्या पडतात आणि गिऱ्हाईक म्हणतं, साइज लहान आहे. साइज ठीकच असते, जागा लोगोने खाल्लेली असते.

भरतकामवाल्याला तीन गोष्टी सांगायच्या. फ्रेममध्ये कापड ताणून बसवायचं नाही, नाहीतर फ्रेम काढली की अक्षरं आखडतात. खाली कापून काढायचं बॅकिंग (आधाराचं अस्तर), वर पाण्यात विरघळणारी फिल्म, म्हणजे टाके रिबच्या खाचेत बुडत नाहीत. आणि अक्षराची उंची ६ मिलिमीटरच्या खाली नको. त्याखाली ‘e’ आणि ‘a’ची पोकळी बुजते.

चौथी गोष्ट सांगायची राहिली तर पूर्ण लॉट फुकट जातो. कड दुमडल्यावर बाहेर दिसते ती कापडाची आतली बाजू. म्हणजे लोगो उलट बाजूला आणि उलटा भरायचा, तेव्हाच दुमडल्यावर सरळ वाचता येतो. नमुन्यासोबत दुमडलेल्या टोपीचा फोटो आणि त्यावर बाण काढून द्यावा. नुसतं ‘कडेवर मध्यभागी’ लिहिणं पुरत नाही. यात एक फायदाही आहे: भरतकामाची मागची खरखरीत बाजू दोन थरांमध्ये दडते, कपाळाला टोचत नाही. कड नसलेल्या टोपीला तो आडोसा नाही, तिथे आतून मऊ कापड लावावंच लागतं.

चामड्याचा तुकडा हवा असेल तर धारावीत हवा तो मिळतो, एक ते सव्वा मिलिमीटर जाडीचा. भोकं आधी पाडून घ्यायची. फिक्या रंगाच्या लोकरीवर गडद चामडं लावण्याआधी ओल्या पांढऱ्या फडक्याने घासून पाहायचं, रंग सुटतो का ते. मला स्वतःला सगळ्यात पटतं ते कडेच्या काठावर दुमडून शिवलेलं विणलेलं लेबल, दोन सेंटीमीटर रुंदीचं. ताण जवळजवळ अडत नाही, किंमतही कमी.

लोगो विणूनच हवा असला तर जॅकार्ड, म्हणजे वेगळ्या रंगाच्या धाग्याने विणीतच उठवलेली नक्षी. एकेरी जॅकार्डमध्ये आतून धागे लोंबतात आणि टोपी घालताना बोट, कानातलं त्यात अडकतं. दुहेरीत ते होत नाही, पण टोपी जाड होते, वजन वाढतं, ताण कमी होतो. शिवाय विणीचा टाका चौकोनी नसतो. उंचीपेक्षा रुंद असतो. साध्या ग्राफवर काढलेलं वर्तुळ मशीनवरून चपटं उतरतं. नमुना मशीनच्या टाक्यांच्या प्रमाणातच काढायला लावायचा.

गुरुवार

ॲक्रिलिकचा एक दोष सतत पुढे येतो. नमुना हातात येतो तेव्हा सुरेख, दोन दिवसांनी मोठा झालेला. कारण वाफ. ॲक्रिलिक उष्णतेने नरम पडतं, आणि ताणून धरलेलं असताना गरम दाबलं की रिबची उभारी जाते, पृष्ठभाग चकाकतो, ते पुन्हा परत येत नाही. म्हणून वाफ लांबून, दाब नाही, आणि माप घ्यायचं ते चोवीस तास पसरून ठेवल्यावर. लोकर मिसळलेल्या सुताचं दुखणं वेगळं: ते या हवेतलं पाणी पितं, म्हणून वजनाची तक्रार करायची तर कोरड्या खोलीत ठेवलेल्या नगावरून करावी.

गोळे येतात का, रंग घासून निघतो का, हे डोळ्याने ठरवायचं काम नाही. घाटकोपरला बॉम्बे टेक्स्टाइल रिसर्च असोसिएशन आहे, वरळीला सस्मिरा आहे, दोन्हीकडे कापडाच्या चाचण्या होतात. ऑर्डर मोठी नसली तरी प्रत्येक गडद रंगाचा एक नग द्यावा.

शनिवार

तपासणीचं ठरलं. ५०० नगांच्या लॉटमधून तपासणीची सर्वसाधारण पातळी २ आणि एक्यूएल (दोष चालवून घेण्याची मर्यादा) २.५ नुसार ५० टोप्या काढायच्या. मोठे दोष तीनपर्यंत चालतील, चौथा निघाला की लॉट परत. मोठ्या दोषात गळालेला टाका, तुटलेला धागा, तिरका लोगो, रंगातला पट्टा. प्रत्येक टोपी डोक्याच्या साच्यावर चढवून माथ्याची शिवण उसवते का पाहायचं. टेबलावर ते दिसत नाही.

ऑर्डरच्या कागदावर ‘सँपलप्रमाणे’ हा शब्द खोडला. त्याजागी: गेज ७, १० सेंटीमीटरमधले उभे-आडवे टाके, तयार वजन ८० ग्रॅम अधिक-उणे ४, कड ७ सेंटीमीटर, कड उलगडून पूर्ण लांबी २९, सुताचं मिश्रण, लॉट नंबर. मंजूर नमुने दोन, सही केलेले, एक तिकडे, एक इथे. माल ऑगस्टमध्ये भिवंडीच्या गोदामात येईल तेव्हा पाऊस असणार. पिशवीत भरण्याआधी टोपी पूर्ण वाळलेली हवी, कार्टनमध्ये सिलिका जेल हवं आणि खोका जमिनीला लागू नये म्हणून पॅलेट हवं. या तिन्ही गोष्टी आता दराच्या कागदात टाकल्या आहेत, म्हणजे ऐनवेळी खर्च कोणाचा यावर वाद नको.